पेरूच्या पानांपासून सुरुवात: वनस्पतींचा अर्क पहिल्यांदाच तपासताना

जून उलटला की शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पाचा विषय घेऊन येतात. वहीत लिहिलेलं असतं: तुळस, कडुनिंब, अडुळसा, गुळवेल, हळद, सहा जीवाणू, चार द्रावकं. गुणाकार केला की १२० जोड्या होतात, आणि प्रत्येक चाचणी तीनदा करायची म्हटली तर ३६०. मी त्यातल्या बहुतेक ओळींवर काट मारते आणि एवढंच ठेवते: एक झाड, एक द्रावक, दोन जीवाणू, एक अँटिऑक्सिडंट चाचणी. एवढं नीट जमलं की पुढचं वाढवायला वर्ष पडलेलं असतं. ठाण्यात किंवा नवी मुंबईत शिकणाऱ्या, हे काम पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या मुलामुलींसाठी ते एक झाड कसं तडीस न्यायचं, ते इथे लिहिते आहे.

झाड म्हणून मी पेरू सुचवते. आपल्याकडे तोंड आलं की जाईचा नाहीतर पेरूचा कोवळा पाला चावायला देतात, तेव्हा घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पेरू मूळचा अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर इकडे आला आणि आपलाच झाला. त्याच्या पानांत टॅनिन भरपूर असतं, शिवाय क्वेर्सेटिन आणि त्याची संयुगं असतात; ही सगळी फेनॉलवर्गीय द्रव्यं. म्हणजे अँटिऑक्सिडंट चाचणीत ठळक उत्तर मिळतं, आणि स्टॅफिलोकॉकससारख्या जीवाणूंवरही परिणाम दिसण्याची चांगली शक्यता असते. नवशिक्याला पहिल्या खेपेला उत्तर देणारं झाड हवं. उत्तर आलंच नाही, तर झाडात दम नाही की आपला हात चुकला, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

झाड कुठलं, आणि ते तेच आहे ना?

येऊरला जाऊन पिशवी भरून आणू, असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथलं पानही वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू आहे. खाडीकाठच्या कांदळवनाचंही तेच. ऐरोलीच्या बाजूने खाडीत उतरून तिवराची पानं आणण्याचा मोह होतो, पण कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ठाणे खाडी हे २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्यही आहे. रीतसर अर्ज करून परवानगी मिळते, पण तिला वेळ लागतो. पहिल्या प्रकल्पाला तेवढा वेळ नसतो.

सोसायटीच्या आवारातलं, शाळेच्या बागेतलं किंवा ओळखीच्यांच्या गावच्या परसातलं झाड बघा. घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या कडेचं झाड टाळा. तिथल्या पानांवर धूळ आणि गाड्यांचा धूर यांचा थर असतो, आणि तो धुऊन पूर्ण निघतोच असं नाही. माळ्याला विचारा, गेल्या महिनाभरात फवारणी केली का. कीटकनाशक लागलेल्या पानाचा अर्क जीवाणूंना मारू शकतो, पण त्यात पेरूचं काहीच कर्तृत्व नसतं.

आता ओळख पटवणं. पेरूच्या बाबतीत गल्लत होणं कठीण, तरी सवय पहिल्या झाडापासूनच लावून घ्या, कारण दुसऱ्या झाडाला ती हमखास लागते. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून विकतात ती कधी बाकोपा असते, कधी सेंटेला, म्हणजे मंडूकपर्णी. दोन्ही वेगळ्या कुळातल्या. शंखपुष्पीच्या नावाखाली तर तीन-चार झाडं फिरतात. जांभळी नाक्याच्या बाजारात मावशींकडून घेतलेली जुडी भाजीला उत्तम. प्रबंधात मात्र “बाजारातून आणली” एवढ्यावर भागत नाही. फांदी फुलासकट, जमलं तर फळासकट, वर्तमानपत्रात दाबून वाळवा, कागदावर टाचा. सोबत दिनांक, ठिकाण आणि तोडणाऱ्याचं नाव लिहा. मग ती वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. विभागाला शंका असेल तर मुंबईत सेंट झेविअर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे, १९०६मध्ये सुरू झालेलं. ठाण्याहून मध्य रेल्वेने शेवटपर्यंत जायचं. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्रही आहे. नमुन्याचा क्रमांक मिळाला की वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ओळख चुकली की काय होतं, याचं जवळचं उदाहरण गुळवेलीचं आहे. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. २०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगितलं, आणि तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा तिच्या जागी वापरली जाऊ नये, असा इशाराही दिला. त्या वादात कोण बरोबर हे ठरवायची ही जागा नाही. पण कोणत्या माणसाने नेमकी कोणती वेल घेतली होती हे कळायला वाळवून ठेवलेली एक फांदी किती उपयोगी पडली असती, एवढं लक्षात घ्या.

पावसाळ्यात पानं वाळवणं

पुस्तकात लिहिलेलं असतं, “सावलीत वाळवा.” हे वाक्य लिहिणाऱ्याने ठाण्याचा जुलै पाहिलेला नसावा. पंख्याखाली पसरलेली पानं तिसऱ्या दिवशी मऊ पडतात, पाचव्या दिवशी त्यांना कुबट वास येतो, आणि देठाजवळ पांढुरकी बुरशी दिसते. अशा पानांचा अर्क काढलात तर त्यात बुरशीने बनवलेली रसायनं येतात, आणि बुरशी जीवाणूंशी लढण्यात किती तरबेज असते हे पेनिसिलिनमुळे जगाला माहीत आहे. प्लेटवर जीवाणू न वाढलेलं जे वर्तुळ दिसतं त्याला झोन म्हणतात. तो झोन पेरूचा म्हणून मिरवू नका.

पानं आधी नळाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा, टिपून घ्या आणि हॉट एअर ओव्हनमध्ये ४० अंश सेल्सियसला एकेरी थरात पसरा. सलग दोन वेळा वजन केल्यावर ते सारखंच भरलं की वाळली असं समजा. हाताने चुरडल्यावर कुरकुरीत आवाज आला पाहिजे. तापमान वाढवून काम उरकू नका. ६०-७० अंशांवर पानं तपकिरी होतात आणि आपल्याला हवी असलेली फेनॉलवर्गीय द्रव्यं काही प्रमाणात तिथेच खर्ची पडतात. ओव्हन मोकळा मिळत नसेल तर पानं तोडायचं काम ऑक्टोबरवर ढकला.

मिक्सरमध्ये दळतानाही थांबून थांबून दळा. भांडं हाताला गरम लागता कामा नये. पूड चाळून घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी.

अर्क

१० ग्रॅम पूड, १०० मिलिलिटर द्रावक. द्रावक म्हणून मी ८० टक्के मिथेनॉल सांगते. इथेनॉल जास्त सुरक्षित आहे, पण त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि तो सगळ्याच महाविद्यालयांकडे नसतो. मिथेनॉल मात्र विष आहे. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. त्याची वाफ पेट घेते. बर्नर बंद, फ्यूम हूड चालू, हातमोजे चढवलेले. या बाबतीत माझ्याकडे सूट नाही.

फ्लास्कचं तोंड फॉइलने बंद करून शेकरवर २४ तास ठेवा, व्हॉटमन क्रमांक १च्या कागदातून गाळा, उरलेल्या चोथ्यावर पुन्हा द्रावक घालून दुसरी फेरी करा. दोन्ही वेळचं गाळलेलं द्रावण एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना आटवा. रोटरी नसेल तर वजन करून ठेवलेल्या चिनी मातीच्या बशीत, हूडखाली, वॉटर बाथवर. शेवटी बशीत काळपट हिरवा, चिकट, गुळाच्या काकवीसारखा लगदा उरतो. तो पूर्ण कोरडा होईपर्यंत डेसिकेटरमध्ये ठेवा आणि वजन घ्या. पुडीच्या वजनाशी त्याचं शेकडा प्रमाण म्हणजे तुमचा उतारा. १० ग्रॅममधून १.४ ग्रॅम मिळाला तर १४ टक्के. हा आकडा सगळे लिहायला विसरतात, आणि तो नसेल तर दुसऱ्या कुणाला तुमचा प्रयोग पुन्हा करता येत नाही.

उष्णतेचं एवढं का जपायचं? तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ हिवतापावर औषध शोधत होत्या. दवणावर्गातल्या एका झाडाचा अर्क कधी गुण दाखवायचा, कधी नाही. जुन्या ग्रंथातली नोंद वाचताना त्यांच्या लक्षात आलं की तिथे झाड उकळायला सांगितलेलंच नाही, पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं आहे. त्यांनी कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरला आणि आर्टेमिसिनिन हाती आलं. २०१५चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. झाड तेच होतं, फरक अर्क काढण्याच्या रीतीत होता.

जांभळ्याचा पिवळा

अँटिऑक्सिडंट चाचणीसाठी डीपीपीएच घ्या. हे एक स्थिर मुक्त मूलक आहे, म्हणजे त्याच्याकडे जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन असतो. मिथेनॉलमध्ये विरघळलं की गडद जांभळं दिसतं आणि ५१७ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. अर्कातल्या फेनॉलने त्याला हायड्रोजन दिला की रंग उडतो आणि पिवळं उरतं. पेरूचा अर्क घातल्यावर हे डोळ्यांदेखत होतं: नळी हलवायच्या आधीच थेंब पडला तिथून पिवळसर ढग खाली उतरायला लागतो. मी इतकी वर्षं बघते आहे, तरी पहिल्या नळीजवळ थांबते.

३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये घातलं की ०.१ मिलिमोलर द्रावण होतं. बाटली फॉइलमध्ये गुंडाळा, त्याच दिवशी वापरा. ३ मिलिलिटर डीपीपीएच, त्यात १ मिलिलिटर अर्क, अंधारात ३० मिनिटं, मग रीडिंग. कंट्रोल नळीत अर्काऐवजी मिथेनॉल. कंट्रोलची ओडी, म्हणजे प्रकाश किती शोषला गेला त्याचं माप, ०.८च्या आसपास यायला हवी. ती ०.४ आली तर डीपीपीएच जुनं आहे किंवा वजनात चूक आहे, तिथेच थांबा.

गणित सोपं आहे: कंट्रोलमधून नमुना वजा करा, कंट्रोलने भागा, १००ने गुणा. समजा कंट्रोल ०.८२ आणि नमुना ०.३१, तर ६२ टक्के. पण पानाचा अर्क स्वतःच हिरवट-तपकिरी असतो आणि त्याचा रंगही त्या ०.३१मध्ये मिसळलेला असतो. म्हणून प्रत्येक सांद्रतेसाठी एक जास्तीची नळी लावा: तेवढाच अर्क, पण डीपीपीएचऐवजी नुसतं मिथेनॉल. तिची ओडी ०.०६ आली तर नमुन्याची खरी ओडी ०.२५, आणि उत्तर ६२वरून साडेएकोणसत्तर टक्क्यांवर जातं. एका नळीने एवढा फरक पडतो.

दुसरी नेहमीची चूक सांद्रतेची. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचा अर्क १ मिलिलिटर घातला, नळीत एकूण ४ मिलिलिटर झालं, म्हणजे नळीतली सांद्रता २५. आलेखावर काहीजण १०० मांडतात, काहीजण २५, आणि मग दोघांच्या आयसी-५०मध्ये चौपट तफावत दिसते. वहीत स्पष्ट लिहा कोणती सांद्रता घेतली. आयसी-५० म्हणजे निम्मा डीपीपीएच निवण्यासाठी लागणारी सांद्रता. आकडा जितका लहान तितका अर्क जोरकस. त्यासाठी पाच-सहा सांद्रता घ्या, प्रत्येकी तीन नळ्या, आणि शेजारी तुलनेसाठी ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, तसंच चालवा.

वेळ उरला तर फोलिन-सिओकाल्टो चाचणीने एकूण फेनॉल मोजा: गॅलिक आम्लाचा प्रमाण-आलेख, ७६५ नॅनोमीटर. मात्र ते अभिकर्मक क जीवनसत्त्वाशी आणि काही साखरांशीही रंग देतं, तेव्हा “एकूण फेनॉल” हा शब्द सैलच समजा.

जीवाणूंची प्लेट

घरी करू नका. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, दह्याच्या वाटीत, कशातही जीवाणू वाढवून बघू नका. स्टॅफिलोकॉकस ऑरियस माणसाला आजारी पाडतो. हे काम सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, शिक्षक समोर असतानाच करायचं. अगदी नवख्यांना मी आधी बॅसिलस सब्टिलिस आणि ई. कोलायचा के-१२ हा निरुपद्रवी वाण देते. त्यात एक ग्राम-पॉझिटिव्ह, एक ग्राम-निगेटिव्ह असतो. दुसऱ्याला बाहेरून एक जादा आवरण असतं आणि त्यातून वनस्पतींची पुष्कळ द्रव्यं आत शिरत नाहीत. ई. कोलायवर झोन आला नाही म्हणून रडायचं कारण नाही, तेही उत्तरच आहे. वाण नोंदणीकृत संग्रहातूनच घ्या: चंदीगडचं एमटीसीसी किंवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं एनसीआयएम.

मुलर-हिंटन अगार हे जीवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम, ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये २५ मिलिलिटर, म्हणजे थर ४ मिलिमीटरचा होतो. थर पातळ झाला तर झोन मोठा दिसतो, जाड झाला तर लहान. म्हणून मोजून ओता आणि टेबल सपाट आहे ना ते बघा. जीवाणूंच्या द्रावणाचा गढूळपणा ०.५ मॅकफर्लंड या प्रमाणाशी जुळवा, मिलिलिटरमागे साधारण १५ कोटी पेशी. कापसाच्या निर्जंतुक बोळ्याने तीन दिशांनी पसरवा. मग ८ मिलिमीटरच्या कॉर्क बोअररने खळगे पाडा. बोअरर सरळ खाली न्यायचा, फिरवायचा नाही. अगार तळापासून उचलला गेला तर अर्क खालून पसरतो आणि झोन वेडावाकडा येतो.

अर्क डीएमएसओ या द्रावकात १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर करून प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर. एका खळग्यात नुसतं डीएमएसओ, तेवढंच. आणि तुलनेसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची ५ मायक्रोग्रॅमची एक कागदी डिस्क. तासभर फ्रिजमध्ये, मग ३७ अंशांना १८ ते २४ तास.

ते नुसत्या द्रावकाचं खळगं सोडायचं नाही. माझ्या एमएस्सीच्या वर्षी मी अडुळशावर काम करत होते. अर्क मिथेनॉलमध्येच ठेवला होता, डिस्कवर टाकायचा, वाळवायची, प्लेटवर ठेवायची. १४ मिलिमीटरचे झोन येत होते. मी घरी फोन करून सांगितलं, आईने देवापुढे साखर ठेवली. सरांनी प्लेट दिव्यासमोर धरली आणि विचारलं, “नुसत्या मिथेनॉलची डिस्क कुठे आहे?” ती मी ठेवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ठेवली. तिच्याभोवती ११ मिलिमीटर. डिस्क नीट वाळत नव्हत्या आणि जीवाणूंना मारत होतं ते बरंचसं मिथेनॉल. दोन महिन्यांची रीडिंग वहीत होती. सर रागावले नाहीत, म्हणाले, “लाल शाईने काट मार, पण पानं फाडू नकोस.” ती वही अजून माझ्या कपाटात आहे, आणि प्रत्येक नव्या तुकडीला मी ती उघडून दाखवते.

झोन मोजताना प्लेट उलटी करून काळ्या कागदावर ठेवा, मागून पट्टीने व्यास घ्या. खळग्याचे ८ मिलिमीटर त्यात धरलेत की वगळलेत, ते लिहा.

आणि आता ते वाक्य, जे मी दरवर्षी प्रबंधातून खोडते: “अर्काचा परिणाम सिप्रोफ्लॉक्सासिनच्या तोडीस तोड आहे.” हिशेब करा. तुमच्या खळग्यात १० मिलिग्रॅम अर्क आहे, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. डिस्कवर ५ मायक्रोग्रॅम. दोन हजारपट माल घालून सारखा झोन आला तर तो तोडीस तोड नव्हे. शिवाय झोनचा आकार द्रव्य अगारमधून किती सरकतं यावरही ठरतो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे ते खळग्यापाशीच बसून राहतं आणि झोन लहान दिसतो. दोन झाडांची तुलना करायची तर एमआयसी काढा, म्हणजे जीवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी सांद्रता: ९६ खळग्यांची प्लेट, प्रत्येक खळग्यात निम्मी-निम्मी होत जाणारी सांद्रता, शेवटी रेझाझुरिनचे थेंब. जिथे जीवाणू जिवंत तिथे निळ्याचा गुलाबी होतो. अर्क गडद असेल तर रंग ओळखायला त्रास होतो, तेव्हा जीवाणू न घातलेली अर्काची एक ओळ शेजारी ठेवा.

काम संपलं की प्लेटा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून मगच टाकायच्या. मिथेनॉल आणि डीपीपीएच बेसिनमध्ये न ओतता टाकाऊ द्रावकांच्या बाटलीत.

प्रकल्पाचं कळलं की शेजारपाजारचे विचारतात, “थोडा अर्क दे ना, माझ्या हिरड्यांना लावते.” काकूंना प्रेमाने नाही म्हणा. त्यात मिथेनॉलचा अंश असू शकतो, आणि प्लेटवर जीवाणू मेले म्हणजे माणसाच्या शरीरात तो अर्क चालतो असं होत नाही. पोटातून रक्तात किती जाईल, यकृत त्याचं काय करेल, यातलं आपण काहीच तपासलेलं नाही. काकूंना पेरूचा ताजा पाला द्या, पूर्वीपासून चावत आल्या तसा त्या चावतील. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे पाठवा.

उरलेला अर्क छोट्या गडद बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. लेबल पेन्सिलने लिहा, मार्करची शाई मिथेनॉलने पुसली जाते. फेब्रुवारीत त्याच झाडाची आणि जमल्यास दुसऱ्या एखाद्या आवारातल्या पेरूची पानं तोडून सगळं पुन्हा करा. तीन नळ्या एकाच अर्काच्या घेतल्या तर तुमचा हात किती स्थिर आहे ते कळतं. पेरूबद्दल काही सांगायचं असेल, तर निदान तीन झाडं लागतात.